शब्दाला वारस

आजऱ्याच्या पुढं ऋजुता मगदूमची गाडी कधी गेलीच नाही. सकाळी सांगलीहून निघायची, कोल्हापूर मागं टाकायची आणि आजऱ्यात गावाच्या टोकाला एका चहाच्या टपरीसमोर उभी राहायची. पलीकडून, वेंगुर्ल्याहून, आंबोलीचा घाट चढून मिहीर रेडकर यायचा. दोघांचं प्रेम असं दोन वर्षं अर्ध्या वाटेत अडकून पडलं होतं. टपरीवाल्याला त्यांच्या चहातली साखरसुद्धा पाठ झाली होती.

त्या दिवशी मिहीर आला तो हात हलवत. एरवी सोलं, नाहीतर कुळथाचं पीठ, काहीतरी पिशवीत असायचंच. रिकामे हात बघूनच ऋजुतानं ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"मिनिकॉयला बोलावलंय," तो बसता बसता म्हणाला. "लक्षद्वीपात. तिथल्या मच्छीमारांना 'वारा' हवाय. यंत्रं समुद्रात सोडायची, सांभाळायची. तीन वर्षं तरी."

'वारा' हे मिहीरनं एकट्यानं केलेलं साधन. समुद्रात तरंगणारी छोटी यंत्रं वाऱ्याची आणि लाटांची नोंद घ्यायची आणि होडीवाल्याला त्याच्याच बोलीत सांगायची, की आज जाऊ नको रे बाबा. यंत्रांवर शेवाळ चढायचं, म्हणून त्याला सतत समुद्राजवळ राहावं लागे. सांगलीत कृष्णा आहे, पण तिचं पाणी त्याच्या काय कामाचं?

"कधी निघायचं?"

"संक्रांत झाली की. दोघांची सोय आहे गो. लग्न करून जाऊ, नाहीतर तिथं जाऊन करू. पण तुला यायचंच नसेल तर तसं सांग. मी काय जन्मभर आजऱ्याला चहा पिणार नाही."

तो चिडून बोलला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ऋजुता उत्तर जुळवते आहे तोवर गाडीनंच हाक दिली. "ताई, निघायला हवं. दिवस लहान झालाय. सूर्यास्ताआधी घरी पान मांडायचं आहे."

मिहीर गाडीकडं बघून हसला. "तुझी सासूच आहे ही."

"माझीच पोर आहे," ऋजुता म्हणाली आणि उठली.

खोटं नव्हतं ते. गाडीला परत फिरवणारी गोष्ट तिनं स्वतः बनवली होती.

त्या काळात कुणी स्वतः तिकीट काढत नसे, की गाडीचं चाक फिरवत नसे. प्रत्येकाचा एक कारभारी असे. म्हणजे पगडीवाला माणूस नव्हे. फोनमध्ये, गाडीत, घराच्या दारात राहणारी एक समजदार प्रणाली. तो तिकीट काढी, खोली ठरवी, पैसे भरी, औषध मागवी. कारभारी मोठ्या कंपन्यांचे होते. पण त्यांच्या हाताशी लागणारी बारकी बारकी साधनं गावोगावची एकेकटी माणसं घरात बसून बनवायची आणि 'शनिवारचा बाजार' नावाच्या ऑनलाइन जागी मांडायची. तिथं दर शनिवारी नवा माल. नांदेडच्या एका बाईनं कुकरच्या शिट्ट्या मोजणारं साधन मांडलं होतं, चिपळूणच्या एका मास्तरांनी मुलांच्या अक्षरावरून त्यांचा कंटाळा ओळखणारं. बरेचसे नग आठवड्याभरात विसरले जायचे. ऋजुताची 'गाठ' मात्र विसरली गेली नाही.

कल्पना तिला आईच्या पदरावरून सुचली. काही लक्षात ठेवायचं असलं की आई पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि काम झाल्याशिवाय सोडायची नाही. ऋजुतानं तेच यंत्राला शिकवलं. माणसं बोलताना एकमेकांना शब्द देतात. गाठ तो ओळखायची: कुणी दिला, कुणाला, कशाबद्दल. मग मोठ्यानं विचारायची, "गाठ मारू?" दोघं हो म्हणाले, की एक किल्ली तयार व्हायची. ती ज्याला शब्द दिला त्याच्या आवाजाशी आणि नाडीच्या ठोक्यांशी बांधलेली असायची, म्हणून तो जिवंत माणूस स्वतः 'सोडली' म्हणाला तरच गाठ सुटायची. तोवर शब्द मोडणाऱ्या कुठल्याही कामाला देणाऱ्याचा कारभारी हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाचा कारभारीही त्याला मदत करायचा नाही. किल्लीची नक्कल कुणाकडंच नव्हती, बनवणारीकडंही नाही. 'ज्याला दिला, त्यानंच सोडवावा' हे तिचं ब्रीद होतं आणि त्यावरच लोकांनी विश्वास टाकला होता. भावाभावांनी गाठी मारल्या, भागीदारांनी मारल्या, दारू सोडलेल्या नवऱ्यांनी बायकांपाशी मारल्या. पायी जाऊन शब्द मोडायला कुणी अडवत नव्हतं म्हणा. पण मग ती गाठ तुटकी म्हणून सगळ्यांना दिसायची, आणि गाठ बनवणारीचीच गाठ तुटकी दिसली असती तर बाकीच्यांनी काय करायचं?

पहिली गिऱ्हाईक आईच होती, म्हणजे बाकीच्यांच्या माई. मिरजेच्या दवाखान्यात ती शेवटची पडून होती तेव्हा फोन तिच्या उशाशीच असायचा.

"ह्यांना एकट्यानं जेवण जात नाही गं," ती म्हणाली होती. "एकटं पान बघितलं की उठून जातात. उपाशी झोपतात."

"मी आहे ना आई. रोज संध्याकाळी अण्णांच्या शेजारी माझं पान असेल."

"रोज?"

"रोज. दिवस मावळायच्या आत."

मगदूम घराणं जैन. सूर्य मावळला की घरात पाण्याचा घोटसुद्धा कुणी घेत नसे. त्यामुळं संध्याकाळचं जेवण म्हणजे उन्हाशी लावलेली शर्यत आणि ती सगळ्यांनी मिळून धावायची. आजारी माणसाजवळ बसून आपण सगळेच असं बोलतो. बरी झालीस की शिखरजीच्या यात्रेला जाऊ म्हणतो आणि तिकीट काढत नाही. पण उशाशी फोन होता. त्यानं विचारलं, "गाठ मारू?"

"मार," आई म्हणाली. मग तिनं ऋजुताकडं पाहिलं.

अशा वेळी नाही कोण म्हणेल? ऋजुता हो म्हणाली. दोन दिवसांनी आई गेली आणि तिच्याबरोबर किल्लीही गेली.

*

ऊन गच्चीच्या कठड्यावर होतं तेव्हा ती घरी पोचली. अण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, पाट मांडून बसले होते. जन्म हळदीच्या व्यापारात गेलेला माणूस. दुकान बंद करून वर्षं झाली तरी बोटांच्या पेरांवरचा पिवळेपणा गेला नव्हता. दम्यामुळं समुद्राची हवा त्यांना वर्ज्य होती, नाहीतर ऋजुतानं त्यांना कधीच वेंगुर्ल्याला उचलून नेलं असतं.

ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. दोघं जेवायला बसले. तिनं मिनिकॉयचं सांगितलं.

"मग जा की," अण्णा म्हणाले.

"कशी जाऊ?"

"जायचं. पोरगा चांगला आहे. माझं काय घेऊन बसलीस? पिकलं पान मी." त्यांनी फोनकडं तोंड वळवलं. "काय रे कारभाऱ्या. मी सांगतो, सोड तिला. मी परवानगी देतो."

"अण्णा, तुम्हाला दिलेला शब्द नाही तो," कारभारी अदबीनं म्हणाला. "माईंना दिलेला आहे."

"ऐकलंस? बापाला विचारत नाही हा," अण्णा म्हणाले आणि भाकरी मोडली. रोज असंच चालायचं. जा म्हणायचे, कारभारी नाही म्हणायचा, अण्णा त्याला चार शब्द सुनवायचे आणि पोटभर जेवायचे. त्यांच्या त्या मोकळेपणाचा ऋजुताला आधार वाटायचा. एका भिंतीत ती अडकली होती खरी, पण अण्णा तरी भिंतीच्या तिच्याच बाजूला होते.

तिच्याकडं एक वाट होती. जुनी किल्ली उघडता येत नव्हती, पण गाठीचा नियम बदलता येत होता. नवी आवृत्ती काढायची आणि तिच्यात लिहायचं, की ज्याला शब्द दिला तो माणूस गेला तर गाठ आपोआप सुटेल. फक्त एकटीसाठी नियम बदलणं शक्य नव्हतं. सगळ्या कारभाऱ्यांकडं एकच नियम असे आणि ते तो एकमेकांशी ताडून बघत. बदलला तर सगळ्यांसाठी.

तिनं शनिवारच्या बाजारात जाहीर विचारलं: ज्याला शब्द दिला तोच उरला नाही, तर काय करावं?

उत्तरांचा पाऊस पडला. अर्ध्यांनी लिहिलं, सोडवा बाई एकदाचं, मेलेल्यांनी जिवंतांना किती बांधून ठेवायचं. बाकीचे म्हणाले, मग शब्द कशाला म्हणायचं त्याला. आणि सोमवारी बार्शीहून एक फोन आला.

"दिगंबर शेलार बोलतोय, मॅडम. वेल्डिंगचं दुकान आहे माझं." आवाज जाड आणि सावकाश होता. "आमच्या मंडळी गेल्या त्याआधी मी शब्द दिलता. दारूला शिवणार नाही म्हणून. तुमची गाठ हाय म्हणून कुठलं दुकान मला बाटली देत नाही, कुठला दोस्त पाजू शकत नाही. दोन वर्षं झाली. तेवढं ते आपोआप सुटायचं करू नका."

"पण तुमचं मन आता घट्ट झालं असेल ना, शेलारमामा?"

"कसलं घट्ट, मॅडम. रोज संध्याकाळी दारूच्या दुकानावर जातो आणि विचारतो, देतोस का. ते नाही म्हणतंय. मग घरी येतो. पोरगी हाय घरात माझी. ज्या दिवशी ते हो म्हणेल, त्या दिवशी मी संपलो."

तिची गाठ सुटायची तर या माणसाची सुटत होती. तिला त्याचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली.

हे तिनं अण्णांना जेवताना सांगितलं. अण्णा आमटी ढवळत ऐकत होते.

"आजोबांच्या पेढीवर रुमालाखाली सौदा व्हायचा, तुला सांगितलंय मी," ते म्हणाले. "हळदीच्या ढिगाशेजारी दोघं बसायचे, हातावर रुमाल टाकायचे आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरायचा. एकदा हात सोडला की सौदा पक्का. कागद नाही, काही नाही. तर आजोबांनी एकाची हळद घ्यायला असा हात दिला आणि वजन व्हायच्या आधी तो माणूस गेला. तोवर भाव कोसळला."

"मग सौदा सुटला?"

"सुटतो कसा? त्याची बायको आली. बाजारात तेव्हा बाईमाणूस येत नसे. ती सरळ येऊन ढिगाशेजारी बसली आणि हात पुढं केला. म्हणाली, त्यांना दिलेला हात आता मला द्या. आजोबांनी रुमाल टाकला. सगळा बाजार बघत होता. शब्द धरायचा की सोडायचा, हे आता तिच्या हातात. शब्दालाही वारस असतो, बाळ."

"आणि सोडला तिनं?"

"नाही सोडला. का सोडेल? तिला गरज होती." अण्णा हसले. "आजोबा वर्षभर तिच्या नावानं बोटं मोडत होते. पण भाव दिला त्यांनी, जो ठरला होता तोच."

ऋजुताचा हात घासाशीच थांबला. तिला पुढचं सगळं दिसलं. गाठ आपोआप सोडायची नाही आणि मेलेल्याच्या मुठीतही ठेवायची नाही. माणूस गेला तर त्याच्या सगळ्यांत जवळच्या जिवंत माणसाची किल्ली नियमानं मान्य करायची. शब्द देणाऱ्याला मात्र स्वतःच वारस होता येणार नाही. म्हणजे शेलारांची गाठ त्यांच्या लेकीकडं जाईल. लेक कशाला बापाला दारूकडं सोडेल? आणि आईची गाठ येईल अण्णांकडं. रोज जा म्हणणाऱ्या अण्णांकडं.

तिनं त्याच संध्याकाळी मिहीरला फोन केला. "दोघांची सोय आहे म्हणालास ना? तशीच ठेव."

*

नव्या आवृत्तीचं काम तिनं झपाटल्यासारखं केलं. घाई इतकी होती, की वारसाला कसं विचारायचं यावर तिनं फार डोकं चालवलं नाही. दिवसातून एकदा, गाठीच्या वेळेआधी, कारभारी वारसाला विचारेल, "सोडायची का?" विसरून जायला नको कुणी, एवढाच तिचा हिशेब. संक्रांतीच्या अलीकडच्या शनिवारी तिनं ती बाजारात मांडली आणि दुपारपर्यंत ती घरोघरच्या कारभाऱ्यांनी उचलली.

पहिला फोन शेलारांचाच.

"मॅडम, पोरीनं सोडली."

ऋजुताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"तिला विचारलं कारभाऱ्यानं आणि ती लगेच म्हणाली, सोडली. मी म्हटलं, अगं येडे, हे काय केलंस. तर म्हणते, आईला दिलेलं दोन वर्षं सांभाळलं, पप्पा, आता तुमचं तुम्ही सांभाळा. मी काय तुमचं कुलूप नाही." मग म्हणाले, "लई भ्या वाटतंय, मॅडम. आज संध्याकाळी त्या दुकानाकडनं जायचं नाही, असं ठरवलंय. बघू."

फोन ठेवल्यावर तिला वाईटही वाटलं आणि तेवढीच आशाही वाटली. परक्या गावातली एक पोर इतक्या सहज सोडू शकते, तर इथं प्रश्नच काय? तिनं कपाटावरची बॅग खाली काढून ठेवली आणि पानं मांडली.

अण्णा येऊन बसले. त्यांच्या फोननं मृदू आवाजात विचारलं, "अण्णा, माईंना दिलेली एक गाठ आता तुमच्याकडं आहे. रोज संध्याकाळी तुमच्या शेजारी ऋजुताताईंचं पान. सोडायची का?"

ऋजुता तव्यावरची भाकरी काढत होती. पाठमोरीच थांबली. एक शब्द, बस. अण्णांना तो पाठ होता. दोन वर्षं रोज म्हणत आले होते.

ती वळली तेव्हा अण्णा फोनकडं बघत होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

"ऊन चाललंय," ते म्हणाले. "आधी जेवून घेऊ."

जेवण झालं. मग त्यांनी हात धुतले, फोनवर जिनवाणीचं प्रवचन लावलं, झोपले.

दुसऱ्या दिवशी फोननं पुन्हा विचारलं. "उद्या बघू," अण्णा म्हणाले. तिसऱ्या दिवशी विचारल्यावर त्यांनी फोन उचलून पाटाशेजारी उपडा घातला, ऋजुताच्या भाकरीवर तूप वाढलं, आणि वाढता वाढता त्यांचं लक्ष उपड्या फोनकडंच राहिलं, तूप जमिनीवर सांडलं.

"माझ्यानं होत नाही बाळ," ते खाली बघत म्हणाले. "तोंडानं जा म्हणत होतो, ते सोपं होतं. माझ्या हातात नव्हतं म्हणून सोपं होतं. खोटं नव्हतो बोलत. पण तो विचारतो तेव्हा मला समोरचं रिकामं पान दिसतं."

ऋजुतानं फडकं घेऊन तूप पुसलं. आईनं बांधून घातलं होतं तेव्हा तिला आईवर रागावता येत होतं, नियमाला शिव्या घालता येत होत्या. आता समोर एक म्हातारा माणूस होता आणि त्याला आपल्याच गरजेची लाज वाटत होती. कुणावर रागवायचं? त्या विधवेला गरज होती म्हणून तिनं सोडला नाही, असं सांगताना अण्णा हसले होते. तिला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

मिहीरचा निरोप आला होता. उद्या आजऱ्याला येतो, शेवटचं. पुढच्या दिवशी तो कोचीला जाणार होता, तिथून बोट.

ती आजऱ्याला गेली. टपरीवाल्यानं न विचारता दोन चहा आणून ठेवले. मिहीरनं तिचा चेहरा बघितला. त्यानं पिशवीतून सोलं काढून तिच्यापुढं ठेवली.

"अण्णा सोडतील कधीतरी," तो म्हणाला.

"सोडतीलही. पण त्यांना रोज कुणी विचारत राहावं, हे मी होऊ देणार नाही."

"मग?"

"मग काही नाही, मिहीर. मला यायचं होतं. खूप यायचं होतं. एवढं लक्षात ठेव."

गाडीनं हाक दिली तेव्हा दोघांपैकी कुणीच थट्टा केली नाही. परतीच्या वाटेवर तिनं गाडीत बसूनच गाठीच्या नियमात एक ओळ बदलली आणि नवी आवृत्ती बाजारात टाकली. वार मंगळवार होता. शनिवारची वाट तिनं पहिल्यांदाच पाहिली नाही. बदल इतका बारीक होता, की बाजारात फारसं कुणी काही म्हटलं नाही: वारसाला आपणहून कधीच विचारायचं नाही. त्याला वाटलं, तर तो सांगेल.

घरी पोचली तेव्हा ऊन कठड्यावरून उतरायला लागलं होतं. तिनं भाकरी केल्या, पानं वाढली. अण्णा बसले आणि आपोआप त्यांची नजर फोनकडं गेली. फोन गप्प होता. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"आज विचारलं नाही ह्यानं," ते म्हणाले.

"आता नाही विचारणार."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना कळलं की नाही, तिला सांगता आलं नसतं. पण घास त्यांनी लगेच घेतला नाही. सोलाची कढी होती पानात, तिच्यात त्यांनी बोट बुडवून चाखलं.

"त्यानं दिली?"

"हो."

"मिनिकॉय किती लांब आहे गं?"

"आजऱ्याच्या पुढं," ऋजुता म्हणाली, आणि तिनं भाकरी मोडली. दोघं ऊन असेपर्यंत जेवत राहिले.